तिबुर्सिओची तहान

नातिविदादच्या खानावळीत बाहेरचं काही शिजत नसे. मका स्वतःच्या शेतातला, घेवडा दिराच्या परसातला, मिरच्या डोंगरापलीकडच्या आणि त्याही तिने एकेक हुंगून घेतलेल्या. ओहाका गावच्या बाजारात पाकिटातला मसाला वापरणाऱ्या बायकांची ती अशी खिल्ली उडवायची की तिच्या दारावरून जाताना त्या पिशवी शालीखाली लपवत.

एवढी कडक बाई, पण फुकटाला नाही कोण म्हणतं? कोलावाल्या कंपनीचा गोडबोल्या माणूस आला, लाल टेबलं दिली, लाल खुर्च्या दिल्या, भिंतीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून दिलं आणि कोपऱ्यात एक फ्रीज ठेवून गेला. बाटल्या गिऱ्हाइकांसाठी, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. घरचं माणूस तिच्या हातचं जेवतं, त्याला त्या रंगीत पाण्याची गरजच काय?

तिचा नवरा तिबुर्सिओ साखरेच्या आजाराने गेला. आधी पाय गेला, मग डोळे, मग माणूस. डॉक्टर विचारायचे, "गोड काय खातात हे?" ती फणकारायची, "माझ्या घरात गोड काय असणार? घेवडा?" तिबुर्सिओ खाली मान घालून बसायचा. बिचारा आजाराने खचलाय, असं तिला वाटायचं.

तो गेल्यावरचा हा पहिलाच मृतांचा सण. गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. आवडीचं काही मांडलेलं नसेल, तर तशीच उपाशी परततात. नातिविदादने काळं मोले, सणासुदीचा तो दाट रस्सा, करायला घेतलं. मिरच्या भाजल्या, कोको वाटला, टर्की शिजवली. धुराने रडली आणि धूर नसतानाही रडली. दारापासून त्याच्या फोटोपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. त्याने पोटभर जेवून जावं, एवढंच तिला हवं होतं.

दुपारी त्याचा जिवलग मित्र आबुंदिओ आला. बगलेत कोलाची बाटली.

"भावोजी, ही कशाला आणलीत? फ्रीज भरलाय की."

"त्याच्यासाठी आणलीय, वहिनी."

"चुकलात. यांनी जन्मात कधी तोंडाला लावली नाही."

आबुंदिओने हॅट काढली आणि तिच्या मुलीकडे, रेइनाकडे बघितलं. रेइना फुलं सारखी करू लागली. ती सारखीच होती.

"काय चाललंय तुमचं दोघांचं?"

"आई, तू दळण घेऊन गिरणीवर जायचीस ना," रेइना हळूच म्हणाली, "तेव्हा बाबा प्यायचे. रोज."

"कुठून आणायचे?"

रेइनाने कोपऱ्यातल्या फ्रीजकडे बघितलं.

नातिविदाद मटकन लाल खुर्चीत बसली. रोज सकाळी तीच त्या बाटल्या पुसायची, गार झालेल्या पुढे लावून ठेवायची. डॉक्टरांपुढे तोऱ्यात बोलायची तीही तीच.

"सगळ्या बाजाराला ठाऊक होतं?" शेवटी तिने विचारलं.

"तुम्हाला सांगायची कुणाची छाती होती, वहिनी? पाकिटाच्या मसाल्यावरून तुम्ही लोकांना फाडून खाता. तो हसायचा. म्हणायचा, घरात तिचं राज्य, बाटलीत माझं."

तिला हसू आलं नाही. बाटली रस्त्यावर भिरकावावी म्हणून तिने उचलली, दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथे पायाशी झेंडूची वाट होती. तो येईल, बघेल, आणि तहानलेला परत जाईल. ती मागे फिरली, झाकण उघडलं आणि बाटली फोटोपुढच्या मोलेच्या थाळीशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परलोकीचे पाहुणे आपल्या वाटेने परत गेले. मांडलेलं जेवण मग घरच्यांनी वाटून खायचं. गेलेल्या माणसाने ज्यातलं खाल्लं त्याची चव उतरते, हे तिथे पोरासोरांनाही माहीत असतं. नातिविदादने आधी मोले बोटावर घेऊन चाटलं. तिखट जसंच्या तसं, कोकोचा कडसरपणा होता तिथेच, मीठही बरोबर. काही म्हणजे काही उतरलं नव्हतं.

मग तिने बाटली तोंडाला लावली. जिभेला चुरचुरलं नाही. नुसतं गोड, मेलेलं पाणी. उघडी बाटली अशीच होते, हे गिऱ्हाइकांना तीच बजावत आली होती. तरी तिने आणखी एक घोट घेऊन बघितला.

ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"मेल्या," ती म्हणाली, "एक घास तरी खायचास."