क्रूझरमधल्या दोन जागा

काष्टीच्या कानिफनाथानं सगळी आखणी मोबाईलवर केली होती. तळ्याकाठचं जुनं गाव, शंकराचं पुरातन देऊळ, शेजारी गरम पाण्याचं कुंड. सोमवारी पहाटे निघायचं, एक मुक्काम करायचा, मंगळवारी दिवेलागणीला घरी. गाडी गावातल्या कारभारी ड्रायव्हरची क्रूझर, आणि माणसं बहुतेक बायकोच्या माहेरची, सोनईची.

एकच माणूस त्यानं जाणूनबुजून गाळलं. चुलती गोजरबाई. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. लहानपणी अंगभर खरूज झाली तेव्हा गावातली पोरं त्याला शिवत नव्हती. ही मांडीवर घेऊन लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं रोज घासायची. आता जन्मभर उसाला पाणी धरून तिच्याच पायांना इसब झालं होतं. कुंडाचं पाणी कातड्याला गुणाचं, असं ऐकल्यापासून म्हातारी आस लावून बसली होती. पण कुंड केवढंसं. सगळे काठाला पाय सोडून बसणार. पाहुणे नाकं मुरडतील, म्हणून कानिफ बोलून गेला, "काकी, गाडी भरली गं. तीळ ठेवायला जागा न्हाई."

"ऱ्हाऊ दे मंग. वाटंला दशम्या करून देते," ती म्हणाली.

शनिवारच्या बाजारात दोघं मेथी घेत होती, तर कारभारी पलीकडून ओरडला, "ओ गोजराकाकी! दोन जागा मोकळ्या हायत की. का डायवरचं तोंड बघून न्हाई म्हनता?"

भोवतीची माणसं हसली. कानिफच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गोजरबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "मलाच गाडी लागती रं. ह्यो बिचारा लई मागं लागला हुता."

हे मात्र कानिफला सोसेना. "खोटं हाय," तो म्हणाला. "म्याच भरली म्हून सांगितलं. काकीच्या पायापायी."

हसणं थांबलं. कारभारी खाली बघायला लागला.

"काकी, चल तू. म्होरं बस, माझ्या जागंवर."

"गाडीत बसवशील रं," ती हळूच म्हणाली. "पर म्या कुंडात पाय सोडलं आन तुझं पावनं उठलं, तर तू बसशील का माझ्याशेजारी? त्याच पान्यात पाय घालून?"

'बसन' एवढाच शब्द. ओठावर आलाही होता. पण त्याआधी त्याची नजर खाली, तिच्या पायांवर गेली.

गोजरबाईनं पिशवी उचलली. "सवडीनं सांग," म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत चालायला लागली.