आमच्या घरातली परदेशी बाई

"परदेशातली बाई ठेवलीस?" असं लोक विचारतात, आणि 'परदेशातली' म्हणताना भुवया अशा उंच जातात, जणू मी विमानातून एखादी गोरी मॅडम उतरवून घेतली. नेपाळची होती. मी ठेवली, राजीखुशीने ठेवली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसणार नाही.

माझं माहेर जासई, सासर गव्हाण आणि आमचा फ्लॅट नवीन पनवेलला. नवरा बोटीवर असतो. सहा-सात महिने समुद्रात, मग थोडे दिवस घरी, तेही अर्धे झोपेत. मी जासईकडच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम बघते. यार्डाला रविवार नसतो की सण नसतो. माल आला की थांबावं लागतं. मुलगी झाली, माझी रजा संपत आली, नवऱ्याला बोटीवरून बोलावणं आलं, आणि घरातल्या सगळ्यांना एकाएकी माझ्या नोकरीची काळजी वाटायला लागली. म्हणजे ती मी कधी सोडते याची.

सासूबाईंनी दोनच वाटा ठेवल्या. नोकरी सोड, नाहीतर पोरगी गव्हाणला ठेव.

"आमी काय मेलो?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरान कधी परकी बाय आली नाय पोरां सांभालायला."

सासूबाई मासळी विकतात. पहाटे टोपली घेऊन निघतात, ऊन चढल्यावर घरी येतात, आणि घरी दिराची दोन पोरं त्यांच्या पदराला लटकलेली असतात. माझी मुलगीही त्यांनी प्रेमानेच सांभाळली असती, यात मला काडीची शंका नाही. पण मला माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी भेटणारी पाहुणी म्हणून नको होती. कामावरून दमून दार उघडलं की ती घरात हवी होती. याला हट्ट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आमच्या भागातली पाळणाघरं सात वाजता मुलांना चपला घालून दारात उभी करतात, आणि सात वाजता मी कधी कधी यार्डातच असते.

यार्डाच्या कॅन्टीनमध्ये एक नेपाळी आचारी होता. त्याची मोठी बहीण काम शोधत होती. फोनवर तोंड दाखवून मुलाखत झाली. मुलाखत मी घेणार होते, घेतली तिने. घरात कोण कोण राहतं? दारू कोण पितं? झोपायला खोली आहे का, आणि तिला आतून कडी आहे का? मी खरी खरी उत्तरं दिली. मग तिने अटी सांगितल्या. गावी तिचा मुलगा आजीकडे होता, त्याच्याशी रोज बोलायचं. आणि दसईंला घरी जायचं. दसईं म्हणजे आपलाच दसरा, पण त्यांचा पंधरवडाभर चालतो. मी सगळ्याला हो म्हटलं. स्वतःचं पोर मागे ठेवून दुसऱ्याचं सांभाळायला येणाऱ्या बाईने एवढंच मागितलं, तर मी कोण नाही म्हणणारी? पगार किती ठरला ते मी कोणालाच सांगितलं नाही, कारण विचारणाऱ्यांपैकी कोणी तो भरणार नव्हतं.

आल्या दिवसापासून ती मला दीदी म्हणायला लागली. वयाने ती मोठी, म्हणून मीही तिला दीदी म्हणायला लागले. दोघींत थोरली कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि मुलगी दोघींनाही तोंडभर 'दिदी' म्हणायची. मला आई म्हणायला तिने पुष्कळ वेळ लावला. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटलं म्हणून मी नोकरी सोडली नाही.

पहिला दणका सोसायटीने दिला. चेअरमन स्वतः वर आले. परदेशी नागरिक घरात ठेवताना सोसायटीला विचारायला हवं होतं म्हणाले. पोलिसांकडे नोंद केली होती, ती मी दाखवली. मग म्हणाले, कामवाल्यांसाठी मागची लिफ्ट आहे, तुमची बाई पुढच्या लिफ्टमध्ये दिसते.

"ती येऊन-जाऊन काम करत नाही," मी म्हटलं. "इथे राहते. माझ्या घरात राहणारं माणूस माझ्या दाराच्या लिफ्टने जाणार. आणि तिच्या कडेवर जी असते ती या फ्लॅटची मालकीण आहे. तिला मागच्या लिफ्टने पाठवू का?"

चेअरमननी पाणी मागितलं. ते दीदीनेच आणून दिलं.

मला खरी चीड कशाची येते सांगू? माझा नवरा कुठल्या कुठल्या देशातल्या मालकाच्या बोटीवर राहतो. त्यांचं खातो, त्यांची मशिनं पुसतो, त्यांनी दिलेल्या खोलीत झोपतो. त्याला कोणी परदेशी नोकर म्हणत नाही. 'बोटीवर आहे' म्हणतात, आणि गावच्या हळदीला पुढच्या खुर्चीवर बसवतात. तीच गोष्ट एक बाई डोंगर उतरून आपल्याकडे येऊन करते, तेव्हा मात्र ती परकी. फोनवर मी हे नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि मग नेहमीसारखं, "आईचं तू बघ."

आईचं बघणं सोपं नव्हतं. सासूबाई दर आठवड्याला मासळी घेऊन येत आणि मासळीच्या निमित्ताने घराची झडती घेत. दीदी मुलीला मोहरीच्या तेलाने चोळायची. सासूबाई खोबरेल आणून ठेवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी भांडण अगदी नीट चालायचं. एकदा दीदीने मुळ्याचा पाला बरणीत दाबून आंबवला आणि नंतर गॅलरीत वाळत घातला. त्याला त्यांच्याकडे गुंद्रुक म्हणतात, त्याचं आंबट कालवण करतात. वास येतो, नाही म्हणत नाही. सासूबाई दारातूनच नाकाला पदर लावून आत आल्या.

"कसला गो वास ह्यो? घरान जीव नाय टिकायचा."

जन्म सुक्या जवळ्यात आणि बोंबलांत गेलेली बाई! त्या आठवड्यातच त्यांनी आणलेला जवळा माझ्या डब्यात होता, आणि त्याच्यापायी शेजारच्या काकू आमच्या दारासमोर उदबत्ती लावून जात होत्या. मी तो डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बंद केला. पण जाताना म्हणाल्याच, "एकवीरा आईला नवस बोलली हाय मी. जावल झाला का पोर गव्हानला. मंग ही बाय जाल तिच्या देशाला."

जावळ म्हणजे पहिले केस काढणं. आमच्या आगऱ्यांत ते कार्ल्याच्या डोंगरावर, आईच्या पायाशी होतं. नवस त्यांचा, मुलगी माझी, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. दीदी गेली तर माझी नोकरी गेली, आणि नोकरी वाचवायची तर मुलगी गव्हाणला. त्या दिवसापासून मी कार्ल्याच्या नावाने धास्तावलेली होते, आणि धास्तावले की मी जास्त भांडते. सासूबाईंनी निरोप धाडला की जावळाला घरचीच माणसं चालतात, बाईला घरी ठेव. मी उलट निरोप धाडला की बाई नाही तर मुलगी नाही, मुलगी नाही तर जावळ कोणाचं काढता ते बघा.

चैत्रातल्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर गव्हाणहून टेम्पो निघाला. कोंबडे, तांदूळ, मोठी पातेली, चुलत्या-मावशा आणि मधल्या फळीवर मांडीत मुलगी घेऊन दीदी. कोणी तिच्याशी बोललं नाही. डोंगर चढताना मात्र आमची सगळी वरात धापा टाकत पायरी पायरीवर बसत होती, आणि ती मुलीला पाठीशी ओढणीने बांधून चढत होती. वर पोचल्यावर तिने मुलीला डोंगराखालची शेतं दाखवली आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं.

आमच्या घरची रीत अशी, की जावळाला मुलगी मामाच्या मांडीवर बसते आणि समोर आत्या बसून पडणारे केस पदरात झेलते. केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. मामा म्हणजे माझा भाऊ, ट्रेलर चालवतो. आडदांड, झुपकेदार मिशीचा, आणि मनाने लोणी. पण मुलीने त्याला चार वेळासुद्धा पाहिलेलं नव्हतं. मुलीला सख्खी आत्या नाही, माझ्या नवऱ्याला बहीणच नाही. म्हणून चुलत नणंद आत्या होणार होती. ती अर्ध्या वाटेवर लिंबूसरबत पीत बसली होती.

भावाने मुलीला मांडीवर घेतलं आणि न्हाव्याने डोक्याला पाणी लावलं मात्र, मुलीने असा टाहो फोडला की आजूबाजूची बाकीची पोरंही रडायला लागली. भावाच्या मिशीला धरून ती उलटी होत होती. मावशीने खुळखुळा वाजवला. सासूबाईंनी देवीचं नाव घेतलं. मी पुढे झाले तर मलाही लाथ बसली.

न्हावी वस्तरा बाजूला ठेवून म्हणाला, "डोकं हललं तर कापंल. मी हात लावणार नाय. मागं लाइन हाय, ठरवा लवकर."

मुलीचे दोन्ही हात गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या दीदीकडे ताणलेले होते. ते सगळ्यांना दिसत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

मी बोलले. "दीदी, तू बस. तुझ्या मांडीवर घे."

चुलत्या-मावशांनी श्वास ओढला. सासूबाई म्हणाल्या, "मामाची मांडी ती. देवीसमोर खेल हाय का?"

"खेळ नाही," मी म्हटलं, "पण रक्त काढण्यापेक्षा बरं. दीदी, बस."

आणि दीदी जागची हलली नाही. "नहीं दीदी," ती म्हणाली. "हमारे यहाँ भी मामा ही करता है. मामा को हटाके मैं नहीं बैठूँगी."

मला इतका संताप आला! मी हिच्यासाठी सगळ्या सासरशी वैर घेतलं, आणि ही ऐन वेळी सासूबाईंच्या बाजूने उभी. तिने काय म्हटलं ते भावाने सासूबाईंना आगरीत सांगितलं. सासूबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं असावं. मुलगी रडून रडून निळी पडत चालली होती. मागच्या लाइनमधला एक म्हातारा "आटपा की" म्हणाला. सासूबाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. चुलत नणंदेचा अजून पत्ता नव्हता.

"ये इकरं," त्या दीदीला म्हणाल्या, आणि तिच्या मनगटाला धरून तिला भावाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून खाली बसवलं. "इथं बस. आत्या बसते तिथं. ओढनी पसर."

दीदीला शब्द कळले नसतील, पण जागा कळली. तिने ओढणी पसरली. मुलीने दोन्ही मुठींत ती पकडली, टोक तोंडात घातलं आणि मामाच्या मांडीवर हुंदके देत बसून राहिली. न्हाव्याने वस्तरा उचलला. काळे मऊ केस ओढणीत पडत गेले. एकसुद्धा जमिनीवर पडला नाही. दीदी तिच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. मी रडत होते, आणि कोणी बघू नये म्हणून नारळ सोलत बसले. चुलत नणंद धापा टाकत पोचली तेव्हा मुलीचं डोकं तुळतुळीत झालं होतं.

आत्याच्या मानाची म्हणून एक साडी आणलेली होती. ती कोणाला द्यायची यावर कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी ती उचलून दीदीच्या हातात ठेवली आणि चुलत नणंदेला म्हणाल्या, "तुला दुसरी घेन मी. चढायला शिक पयला."

परत येताना टेम्पोत कोंबडीच्या कालवणाचे डबे होते आणि नवसाचा विषय होता. मी भांडणाची सगळी तयारी करून बसले होते. देवीसमोर दिलेलं नातं परत घेता येत नाही, हे वाक्य जिभेवर घोळवत होते. तेवढ्यात मावशीनेच विचारलं, "मंग आता पोर गव्हानला ना?"

सासूबाई बाहेर बघत होत्या. "आत्या हाय ना तिची पनवेलला," त्या म्हणाल्या. "आत्येकरं असलेली पोर काय परक्याच्या घरान हाय? एकवीरा आईला मी सांगन काय ते."

माझं वाक्य वाया गेलं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तिला सांग, दिवालीला माहेराला गव्हानला यायचं. आत्या झाली म्हनजे झाली."

मी दीदीला सांगितलं. तिने झोपलेल्या मुलीच्या डोक्यावर ओढणी सारखी केली. "दिवाली में आऊँगी," ती म्हणाली. "पर दसईं में मैं अपने घर जाऊँगी. मेरा बेटा है वहाँ. ये भी बोल दो."

तेही मी सांगितलं, शब्दसुद्धा न बदलता. बोलताना सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच चढा होता.

"जा म्हनाव. कोनी धरलंय तिला?" आणि थोडं थांबून, "पन परत कवा येल, ते इचारून ठेव."