परातेच्या खिशातला हँडसेट

त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर होतं. मी सिग्नल्सची कॅप्टन. गस्तीच्या तुकडीचा, म्हणजे पेट्रोलचा, निरोप छोट्या सेटवर यायचा, आम्ही तो मोठ्या सेटवरून बेसला पाठवायचो.

मोठ्या सेटचा अँटेना म्हणजे मास्टवरून, उंच खांबावरून, ताणलेली तार. तिच्यावर रोज बर्फ धरायचा आणि नाईक पराते चढून तो झाडायचा. वायरलेसनं असं काय होतं, असं लोक मला विचारतात. खिशातल्या मोबाईलची ताकद अगदी थोडी. पण अशा मोठ्या सेटवर कोणी बोलत असताना तारेला हात लागला, तर कातडी आतपर्यंत भाजते, माणूस दचकतो आणि मास्टवरून सुटतो. म्हणून आमचा नियम होता: चढणाऱ्यानं मोठ्या सेटचा बोलायचा हँडसेट काढून स्वतःच्या खिशात घालायचा. तो उतरेपर्यंत त्या सेटवर बोलणं बंद.

पराते उमरेडचा, कोष्ट्याच्या घरातला.

"मॅडम, मागाचा धागा तुटला त बाप शिव्या दे. तार तुटली त तुम्ही."

"मग तोडतो काहून गा?" मीही त्याच्याच बोलीत.

लान्स नाईक बलबीर पेट्रोलचा ऑपरेटर. चौकीत चहा मागतानाही शेवटी 'ओव्हर' म्हणायचा.

त्या दुपारी पराते वर असताना छोटा सेट बोलला. बलबीरच होता. घसरून खडकावर पडला होता, पोटाला मार लागला होता.

"हेलिकॉप्टर चाहिए, मॅडम. ओव्हर."

आभाळ उघडं होतं, पण ढग चढत होते. चौकीतल्या माझ्या ऑपरेटरनं पेटीतून जादा हँडसेट काढला.

"मॅडम, लगा दूँ?"

मी बाहेर पाहिलं. पराते तारेला हात लावून बर्फ फोडत होता.

"नहीं. पहले पराते नीचे."

मग छोट्या सेटवर बलबीरला थांबायला सांगितलं, "बलबीर, स्टँडबाय."

"स्टँडबाय. ओव्हर."

वाऱ्यात हाक पोचेना. परातेच्या कमरेचा दोर ओढून खूण केली. गोठलेल्या हातांनी तो सावकाश उतरला. निरोप गेला. हेलिकॉप्टर उडालं आणि ढगांमुळे अर्ध्या वाटेतून परतलं. अंधार पडायच्या आत बलबीर गेला.

चौकशीत नियम पाळणं बरोबर ठरलं. पुन्हा तशी वेळ आली तर मी तोच हुकूम देईन. त्यानं काही हलकं होत नाही.

आता मी नागपुरात मोबाईल टॉवरवर चढणाऱ्यांना हेच शिकवते. आधी ट्रान्समीटर बंद, चावी चढणाऱ्याच्या खिशात. परातेचं इथंच जरीपटका भागात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा तो मुलीला घेऊन आला. ती त्या हिवाळ्यानंतर जन्मलेली.

"मॅडमच्या पाया पड वं. ह्या नसत्या त तू बी नसती."

मुलगी चहा करायला आत गेली, तेव्हा तो दर वेळी विचारतो तेच त्यानं विचारलं.

"मी जरा लवकर उतरलो असतो त?"

"बोटं गोठली होती तुझी."

"होती," तो म्हणाला.

जादा हँडसेट माझ्यासमोर होता, हे त्याला ठाऊक आहे. त्याबद्दल तो मला कधी काही विचारत नाही.

त्या दुपारी बेसला निरोप गेल्यावर मी बलबीरला छोट्या सेटवर बोलावलं होतं. उत्तर त्याच्या सोबतच्या जवानानं दिलं. बलबीर बेशुद्ध झाला होता.

"सेट कान से लगाए बैठा था, मॅडम. कहता था, अभी बुलाएँगी."