कळपापुढचा मेंढा

धोंडिबा गेल्याची बातमी त्याच्या धाकट्या भावानं, केरबानं आणली. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून एवढंच म्हणाला, "डाक्तर, धरणाचं पानी चढलं. दादा न्हाई, मेंढरंबी न्हाईत." त्याला आता महिना होऊन गेला... माझ्या टेबलावरची पितळी घंटा मी अजून हलवलेली नाही.

पौडात दवाखाना टाकला तेव्हापासूनचा हा माझा धनगर मित्र. इतका जपून वागणारा, की मी त्याला भित्री भागूबाई म्हणायचो. निम्मा कळप कायम केरबाकडे ठेवायचा. एकीकडे रोग आला तर दुसरीकडचा वाचावा म्हणून. कळपाच्या पुढे नेहमी खच्ची केलेला मेंढा, गळ्यात ही घंटा. एडका, म्हणजे खच्ची न केलेला नर, पुढे का नको असं विचारलं तर म्हणाला, "एडक्याला माज आला की कडा दिसत न्हाई. ह्यो बघून पाऊल टाकतुया."

काही महिन्यांपूर्वी शहरातून नर जनावरांच्या ग्रंथींच्या अर्काच्या गोळ्या आल्या. गेलेली उमेद परत आणतात म्हणे! आधी मी स्वतः घेतल्या आणि आठ दिवसांत छाती काढून चालू लागलो. धोंडिबाला अशक्तपणा आला होता. त्यालाही दिल्या, जराही विचार न करता.

पंधरवड्यात गडी पालटला. नव्या धरणासाठी गावं उठली होती, ओस पडलेल्या शेतांत कमरेएवढं गवत होतं. त्यानं केरबाकडचा निम्मा कळपही मागून घेतला आणि सगळी मेंढरं तिकडे घातली. "पानी इतक्यात येत न्हाई. दिवाळीला लई भाव घीन!" खच्ची मेंढा खाटकाला विकून घंटा माझ्याकडे आणली. "ठिवा हितं. आता पुढं एडका चालंल." त्याचे डोळे नको तितके चकाकत होते. मला भीती वाटायला हवी होती. मी मात्र त्याची पाठ थोपटली.

पाणी चढलं तेव्हा एडका वळलाच नाही म्हणे. कळप त्याच्या मागे, धोंडिबा कळपाच्या मागे...

त्या गोळ्यांत खरंच काही होतं का, मला सांगता येत नाही. पण मित्राला अनोळखी औषध बेधडक दिलं, ते धाडस माझं होतं की माझ्या पोटातल्या गोळ्यांचं? मला माझीच लाज वाटते.

परवा एक शेतकरी आला. धरणात गेलेल्या जमिनीचे पैसे हातात आलेले, काहीतरी मोठं करायचं मनात. "डाक्तर, धोंडिबाचं औषध हाय का? लई हिंमत आली व्हती त्याला." मी नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर कपाटातली उरलेली बाटली फेकायला म्हणून काढली, आणि एक गोळी कधी तळहातावर घेतली, कळलंच नाही. कोपर लागून घंटा वाजली.

मी होतो तिथेच थांबलो.