सासऱ्यांची मोटार मी सरळ केली

माझ्या सासऱ्यांची जुनी मोटार फक्त एक दिवस माझ्या मालकीची होती, आणि त्या एका दिवसात मी ती दुरुस्त केली. (बिघडलेली नव्हती, हे नंतर कळलं.)

सासरे गेल्यावर मोटार थोरल्या साडूंकडे तळेगावला गेली. माझ्या बायकोचा तिच्यात जीव. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून ती आंजीहून वर्ध्याला यायची. मी शून्यातून दुकान उभं केलेला माणूस. दोन वर्षं घासाघीस केली, तीनदा भांडून उठलो, पण मोटार पिपरी मेघेला आमच्या घरी आणलीच. येताना इंजिन इतकं मऊ चाललं, की बायकोच्या मांडीवरच्या पातेल्यातली कढीसुद्धा हिंदकळली नाही!

घरी मागचं, इंजिनाचं झाकण उघडलं आणि माझं डोकं फिरलं. ठिणगीच्या चार वायरींवर सासऱ्यांनी पांढऱ्या रंगानं आकडे घातलेले, पण ठिणगी वाटणाऱ्या टोपीवर त्या ओळीनं लावलेल्या कशा? एक, चार, तीन, दोन! साडूंनी मोटार देता देता डाव साधला होता तर. मी चार आणि दोनची अदलाबदल केली. आता कशी शिस्तीत रांग लागली!

चालू करताच मोटार चिखलातून उठलेल्या म्हशीसारखी अंग झाडू लागली. आरसा निखळून पडला, धुराड्यातून फटाके फुटले. फसवणुकीचा आणखी पुरावा! बायकोला बसवून तशीच धक्के खात तळेगावला नेली आणि व्यवहार मोडून पैसे परत घेतले. साडूंनी मुकाट्यानं दिले. मग त्यांनी झाकण उघडलं.

"आकडे कोनं हलवले, गजाननराव?"

"मी. सरळ केले."

ते हसले नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे सांगितलं, की या आडव्या इंजिनात पिस्टन समोरासमोर असतात. दोघं एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा मारतो. पण ठिणगीही दर अर्ध्या फेऱ्याला, एक-चार-तीन-दोन अशीच पडायला हवी. नाहीतर दोन सिलिंडर फुकट आणि उरलेल्या दोघांवर गाडी लंगडते. आकडा जागेचा असतो, पाळीचा नाही.

त्यांनी त्या दोन वायरींची पुन्हा अदलाबदल केली. मोटार गुणगुणू लागली. मी लगेच पैसे पुढे केले. वर जास्तही देतो म्हटलं. (जन्मात पहिल्यांदा मी स्वतः भाव चढवला!)

"आता नाई देत. तुमी अजून सरळ करसान."

बायको पुढच्या सीटवरून उतरलीच नव्हती. "तुमी बसनं जा घरी," ती म्हणाली. "मी भाऊजीसंग एक चक्कर मारून येतो."

आजही दिवाळीला तळेगावला गेलो की ती पुढे बसून बाबांच्या आठवणी सांगते आणि मी मागे बसून ऐकतो. साडूंवरचा माझा राग काही गेलेला नाही. इंजिनाच्या झाकणाला आता कुलूप आहे. पण किल्ली साडूंकडे नसते. ती माझ्या बायकोच्या पर्समध्ये असते.