पाटलांच्या मिस्तरीने दुरुस्त केलेली नाव

कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. एका उन्हाळ्याच्या सुटीत नाशिकहून गावी आलो, तेव्हा वडील काठावर बसून आमच्या जुन्या नावेकडे पाहत होते. माणसांना गोदावरीपार नेण्याचे काम आमच्या घराकडे होते. पावसाआधी नाव धड झाली नाही तर ते दुसऱ्याला देऊ, असे पाटलांनी बजावले होते. दुरुस्तीला मिस्तरीही त्यांनीच देवळालीहून पाठवला होता.

हा गृहस्थ साहेबांच्या बंगल्यांतली कपाटे दुरुस्त करी. नाव म्हणजे आडवे पडलेले कपाट, अशी त्याची समजूत असावी. उन्हाने आकसलेल्या फळ्यांच्या फटींत त्याने खडू आणि तेलाचा लगदा गच्च ठासला, वर रंग फासला आणि मला म्हणाला, "तुम्ही शिकलेले. तुमच्या वडलांना सांगा, थेंब आत येणार नाही."



नाव पाण्यात टाकली. भिजून फळ्या फुगल्या, त्यांना सरकायला जागा उरली नाही. लगदा पापडासारखा सुटला, खिळे वर आले आणि नाव भरू लागली. मिस्तरीने लाकडालाच दोष दिला आणि टांग्यात बसून निघून गेला.

"कपाटात मासे ठेवायचे व्हते का त्याला?" वडील म्हणाले.

आम्ही दोघांनी नाव पुन्हा ओढून काढली. लगदा खरवडून टाकला. राळ आणि तेलात भिजवलेल्या सुताच्या वाती फटींत बसवल्या, पण हलक्या हाताने, लाकडाला फुगायला वाव ठेवून. मग आत धोंडे घालून नाव काठाशी बुडवून ठेवली. लाकूड पोटभर पाणी प्यायले की ते आपणच सांधे आवळते, ही आमच्याकडची रीत. मिस्तरीने ती विचारलीच नव्हती. विचारले असते तर त्याचा हुद्दा कमी झाला असता, असे मला वाटते.

नाव उपसून तयार झाल्यावर पाटील स्वतः बसून पार गेले. धोतराची कड कोरडी राहिली. उतरताना म्हणाले, "काम तुमच्याकडंच राहू द्या. मिस्तरीनं झकास केलंय, नाय का?"

मी तोंड उघडले. वडिलांनी माझ्या हातात वल्हे दिले.

"पलीकडं माणसं खोळंबलीत," ते म्हणाले. "वल्हव."