दादाच्या गाडीचं तेल

कामठीच्या लिलावात लष्कराने मोडीत काढलेली एक पिकअप दादाने घेतली. गिरणीतून कमी केल्यानंतर कोणालाही न विचारता त्याने केलेली ती पहिली गोष्ट. इतवारीत वहिनीच्या भावाचं कापडाचं दुकान होतं आणि तो दर रविवारी घरी येऊन म्हणायचा, "भाऊजी, या नं दुकानात. घरचंच समजा." घरचं समजा म्हणजे काय ते दादाला कळत होतं. त्या दुकानात आधीच दोन नातेवाईक घरचे समजले गेले होते, आणि दोघेही दिवसभर उभे असायचे.

हिंगण्याला तेव्हा कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका ठेकेदाराला बांधकामावर पाणी हवं होतं. दादाने पिकअपमागे दोन चाकांची पाण्याची टाकी जोडायची, दोन मैलांवरच्या विहिरीवरून दिवसाला सहा खेपा करायच्या. उन्हाळाभर एकही दिवस खाडा झाला नाही, तर पुढचं कामही त्यालाच. एक दिवस चुकला, तर दुसरा माणूस तयार होता. दादाचं सगळं त्या टाकीवर आलं होतं.

गाडीची पूजा झाली. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याने बॉनेटवर नारळ फोडला आणि राष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीत पिकअपचं स्थान या विषयावर अर्धा तास भाषण केलं. ऊन असं होतं की हार भाषणाच्या आधी सुकला. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. असल्या समारंभांना हसणं हा माझा पोटापलीकडचा धंदा होता.

गाडीत एकच खोट होती. टाकी भरून चढाला लागली की गिअरबॉक्स कण्हायची. दुरुस्तीला आमच्याकडे एकच मिस्त्री होता, कॉटन मार्केटमागच्या टिनाच्या शेडमधला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो गाडीखाली असायचा, त्यामुळे त्याच्या पायांशीच बहुतेकांची ओळख होती. तो म्हणाला, "साधं नव्वद नंबरचं तेल टाका अन् महिन्याले बदला. ओढणारी गाडी आहे, तेल लवकर जळते. बाकी काही करू नका."

दादाचं समाधान झालं नाही. साध्या तेलाने अशी जड टाकी कशी ओढली जाईल? त्याने मला सीताबर्डीवर नेलं. तिथे एका दुकानापुढे टाय लावलेला एक एजंट सोनेरी डबा विकत होता. गिअरच्या तेलात मिसळायचं औषध. त्याने टेबलावर एक यंत्र ठेवलं होतं: फिरतं चाक, त्यावर दाबलेला लोखंडी तुकडा. साधं तेल घातलं की यंत्र किंचाळून बंद पडायचं, डब्यातलं औषध घातलं की मुकाट फिरायचं. लोक टाळ्या वाजवत होते.

"जादूगार आहे," मी म्हणालो.

"जादू राहू दे. कागद वाच नं गा," दादा म्हणाला. "इंग्रजीत आहे. तुले समजते."

इथे माझा घात झाला. डोळ्यांदेखत दाखवलेल्या प्रयोगावर माझा विश्वास नव्हता. छापलेल्या मजकुरावर होता. आणि तो कागद अगदी नीरस होता. एकही उद्गारचिन्ह नाही. गंधकाची संयुगं, दातांवर बसणारा पातळ थर, अतिदाबाखाली काम करणाऱ्या गिअरांसाठी उपयुक्त. इतकी कंटाळवाणी भाषा खोटं बोलणार नाही, असं मला वाटलं. शिवाय टाकी म्हणजे दाबच की. मी म्हणालो, "हे घे."

मिस्त्रीने डबा उघडला, थेंब बोटांवर चोळला, वास घेतला. "माचिसच्या काडीसारखा वास येऊन राहिला," तो म्हणाला. "मास्तर, हे क्राउनचं औषध आहे, मागच्या चाकाच्या धुरीत जे मोठं दातेरी चाक असते नं, त्याचं. गिअरबॉक्समंदी पितळेचे रिंग असतात. पितळेले हे खाईन."

"कागदावर गिअरसाठीच लिहिलंय."

"हाव, लिहिलं असंन. पण एक काम करा. पितळेचा वायसर यात टाकून टिनावर उन्हात ठेवतो. आठ दिवसांनी पाहू."

"सोमवारपासून पाणी न्यायचं आहे," दादा माझ्याकडे बघत म्हणाला.

मी कागदाची घडी घालत म्हणालो, "वायसर ठेवून काय कळणार? कंपनीने प्रयोगशाळेत तपासलेलं आहे."

मिस्त्रीने डबा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमी म्हणता तं टाकतो."

पहिले दहा-बारा दिवस गाडी इतकी गुपचूप चालली की दादा वाटेत भेटेल त्याला माझं इंग्रजी किती चांगलं आहे ते सांगत होता. मग दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना करकर येऊ लागली. मग तिसरा गिअर आपोआप सुटू लागला आणि दादा दांडा डाव्या हाताने दाबून धरत एका हाताने गाडी हाकू लागला. तेलाचा दोष असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. उलट त्याने आणखी एक डबा आणून ओतला. मीही त्याला अडवलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, भरल्या टाकीसकट, गाडी हिंगण्याच्या चढावर उभी राहिली. एकही गिअर पडेना. मजुरांनी टाकी गाडीपासून सोडवली आणि हाताने ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी पाणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराकडे दुसरा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला.

मिस्त्रीने गिअरबॉक्सचं तेल घमेल्यात सोडलं. काळ्या तेलात पिवळी चकाकी तरंगत होती, लग्नातल्या सरबतावर वर्ख असावा तशी. गिअरबॉक्स उघडली, तर पितळी रिंगांचे दात बोटाने चाचपले तरी लागत नव्हते. तो उठला, शेडवरून एक वाटी काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यात वायसर होता. काळा, चिरांनी भरलेला.

"तुम्ही ठेवला होता?" मी विचारलं.

"ठेवला होता."

"कधी कळलं?"

"दहा-बारा दिवसांत काया पडला."

"मग सांगितलं काहून नाही?" मी एरवी त्यांच्यासारखं बोलत नाही, त्या दिवशी बोललो.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "तुमी वाचून सांगतलं होतं नं, मास्तर. मले तं वाचताही येत नाही. म्या म्हटलं, माह्याच वायसरमंदी काही खोट असंन."

दादा घमेल्याकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "गाडीच म्हातारी होती." मला दोष देणारा एक शब्दही त्याच्या तोंडून त्या दिवशी निघाला नाही, आणि पुढे कधीही निघाला नाही. त्याने दिला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

जूनमध्ये तो इतवारीला जाऊ लागला. दिवाळीच्या आधी एकदा मी दुकानात गेलो. दादा कपाटापाशी उभा राहून कापडाचं थान उलगडत होता. मला पाहून त्याचा चेहरा खुलला. "चहा घेशील नं?" त्याने विचारलं, आणि मग, माझं उत्तर येण्याआधी, गादीवर बसलेल्या वहिनीच्या भावाकडे बघितलं. तो वही लिहीत होता. त्याने मान वर केली नाही. दादा थान हातात धरून तसाच थांबला, मीही थांबलो.